विहिरीचें पाणी मोजणारी विजेची काठी

शेतकऱ्याच्या घरीं धान्याला पायली आहे, दुधाला लिटर आहे, उसाला व कापसाला काटा आहे, जमिनीला साखळी आहे. परंतु ज्याच्या जोरावर हें सर्व पिकतें त्या विहिरीच्या पाण्याला मात्र बहुतेक ठिकाणीं अद्याप माप नाहीं. विहिरींत पाणी किती, असें विचारलें असतां "दोन परस आहे," "यंदा बरें आहे," किंवा "मोटर तीन तास चालते," अशीं उत्तरें मिळतात. अंदाजाचा हा व्यवहार भरल्या पावसाच्या वर्षीं निभावून जातो. पाऊस ओढून धरला म्हणजे मात्र त्याची किंमत मोजावी लागते. कार्तिकांत विहीर तुडुंब दिसते म्हणून चार एकर गहूं पेरावा, बी, खत व मजुरी जमिनींत घालावी, आणि ओंबी निसवण्याच्या सुमारास विहिरीनें तळ दाखवावा, हा प्रकार कोणत्या गांवीं घडला नाहीं? विहिरीनें कोणाला फसविलेलें नसतें. तिला कोणीं विचारलेलेंच नसतें.

मोटेच्या काळीं या मापाची निकड एवढी भासत नसे. बैलांच्या दमाला मर्यादा होती, त्यामुळें उपशालाही मर्यादा होती. दिवसभरांत मोटा किती निघाल्या यावरून धन्याला पाण्याचा सुमार कळे, आणि रात्रभर बैलांबरोबर विहीरही विसांवा घेई. आतां बटण दाबतांच दिवसाचें पाणी तासा-दोन तासांत वर येतें. उपशाची शक्ति इतकी वाढली असतां मोजण्याची रीत मात्र दोरी-दगडाचीच राहिली, ही गोष्ट हिशेबी माणसास शोभणारी नाहीं.

सरकारी पातळीवर मोजणी होत नाहीं असें नाहीं. केंद्रीय भूजल मंडळ देशभर ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेतें, व आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही असेंच काम करते. २०१९ सालीं सुरू झालेल्या अटल भूजल योजनेंत महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींनीं पाण्याचा अंदाजपत्रकी हिशेब मांडावा असें ठरलें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें तर पाऊस व विहिरी मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें ठेवून, त्यावरून पिकें ठरविण्याची वहिवाट पाडली आहे. परंतु आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी सर्वत्र सारखें नसतें. मुरुमाचा थर व खडकाच्या भेगा ज्या बाजूस असतील तिकडे झरा लागतो. बांधापलीकडच्या विहिरीस पाणी आहे म्हणून आपल्या विहिरीसही असेल हा नियम नाहीं. म्हणून सरकारी निरीक्षण विहिरीचा आंकडा जिल्ह्याच्या उपयोगीं पडतो. आपल्या विहिरीचा आंकडा आपणच घेतला पाहिजे.

पातळी मोजण्याचे मार्ग अनेक आहेत. दोरीला वजन बांधून सोडणें हा सर्वांत जुना व आजही विश्वासाचा मार्ग होय. तरंगत्या डब्याला दोरी बांधून ती कप्पीवरून घेणें हा दुसरा. पाण्याच्या दाबावरून उंची काढणारें यंत्र तळाशीं सोडणें हा तिसरा. खोल विंधनविहिरींतील आपोआप नोंद घेणारीं यंत्रें बहुधा याच जातीचीं असतात. वरून ध्वनीची लाट सोडून ती परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढणें हा चौथा. आज आम्ही ज्याची माहिती देणार आहों तो पांचवा मार्ग विजेच्या धारकतेचा आहे. त्यांत हलणारा भाग एकही नाहीं, तो स्वस्तांत होतो, आणि त्याचें तत्त्व शाळेंतील मुलासही समजण्यासारखें आहे. छपरावरील टांकी, ट्रॅक्टरची डिझेलची टांकी, फवारणीचें पीप व मध्यम खोलीची विहीर या सर्वांस तो लागू पडतो.

मोटरीच्या पेटींत किंवा घरच्या पंख्यांत जो कपॅसिटर असतो तो बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. त्याची मूळ रचना अगदीं साधी आहे. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवावयाचे व त्यांच्यामध्यें वीज वाहूं न देणारा पदार्थ घालावयाचा. अशा जोडीस विजेचा थोडासा साठा धरून ठेवण्याची शक्ति येते. या शक्तीस धारकता म्हणतात. १७४५-४६ च्या सुमारास पोमेरेनियांत क्लाइस्ट व हॉलंडांत लायडन येथें मूशनब्रुक यांस पाण्यानें भरलेल्या कांचेच्या बरणींत वीज साठते हें प्रथम आढळून आलें. पुढें इंग्लंडांत मायकेल फॅरडे यानें १८३७ सालीं असें दाखवून दिलें कीं, पत्रे तेच व अंतर तेंच असतां केवळ मधला पदार्थ बदलला तरी धारकता बदलते. त्याच्याच नांवावरून धारकतेच्या मापास फॅरड हें नांव पडलें आहे.

आपल्या कामाची गोष्ट हीच होय. दोन पत्र्यांमध्यें हवा असतां धारकता एक धरली, तर डिझेल किंवा घासलेट असतां ती दोनांहून किंचित् अधिक होते, आणि शुद्ध पाणी असतां सुमारें ऐंशी होते. आतां सपाट पत्र्यांऐवजीं एका उभ्या नळीच्या मधोमध एक दांडी ठेवून ती जोडी टांकींत उभी केली असें समजा. टांकी रिकामी असतां नळी व दांडी यांमध्यें सर्वत्र हवा राहील. डिझेल जसजसें वर चढेल तसतशी खालच्या भागांतील हवा जाऊन तेथें डिझेल येईल, आणि त्या मानानें धारकता वाढत जाईल. म्हणजे धारकता मोजली कीं डिझेलाची उंची कळली. दहा मिलिमीटर जाडीची दांडी व आंतून सत्तावीस मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर हवेंत दर मीटर लांबीस सुमारें ५६ पिकोफॅरड धारकता येते. तीच डिझेलांत सुमारें ११८ होते. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लक्ष कोटींवा भाग. पंख्यांतील अडीच मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरांत असे पंचवीस लक्ष पिकोफॅरड असतात. यावरून या काठीला किती बारीक भेद ओळखावा लागतो, व तिच्या जोडणींत हयगय कां चालत नाहीं, हें ध्यानांत येईल.

विहिरीच्या पाण्यांत एक फरक करावा लागतो. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यामुळें त्यांतून वीज वाहते. उघडी दांडी त्यांत ठेवल्यास साठा टिकतच नाहीं. म्हणून दांडीवर किंवा तारेवर टेफ्लॉनसारखें पाणी न शोषणारें आवरण चढवितात. मग आंतील तार हा एक पत्रा, भोंवतालचें पाणी हाच दुसरा पत्रा, आणि आवरण हा मधला पदार्थ, अशी जोडी तयार होते. तार जितकी भिजेल तितका दुसरा पत्रा लांब होतो व तितकी धारकता वाढते. या रचनेचा एक मोठा गुण असा कीं, पाणी गोडें आहे कीं मचूळ आहे यावर मापांत सहसा फरक पडत नाहीं; कारण मोजली जाते ती आवरणाची जाडी व भिजलेली लांबी.

हें खरें कीं खोटें हें पाहण्यास फारसा खर्च नको. वायरमनकडे जो मीटर असतो त्यांतील पुष्कळांत धारकता मोजण्याची सोय असते. घरांतील जोडणीची प्लास्टिकच्या आवरणाची तार दोन-अडीच हात घ्यावी, ती मधोमध दुमडावी, व दुमडलेलें टोंक बादलींत खालीं सोडावें. दोन्हीं कापलेलीं टोंकें पाण्याबाहेर राहिलीं पाहिजेत, म्हणजे पाण्याचा आंतल्या तांब्याशीं संबंध येणार नाहीं. दुसरी एक उघडी तार पाण्यांत सोडावी. मीटरची एक सुई आवरणाच्या तारेच्या तांब्यास व दुसरी उघड्या तारेस लावावी. बादलींत तांब्यातांब्यानें पाणी ओतूं लागतांच मीटरचा आंकडा चढूं लागेल, व पाणी काढतांच उतरेल. नेहमींच्या तारेंत भिजलेल्या दर मीटर लांबीस दोन-तीनशें पिकोफॅरडच्या आसपास धारकता येते. आवरण पातळ असल्यास अधिक, जाड असल्यास कमी. तार दुहेरी असल्यानें आंकडा दुप्पट मिळतो हें वेगळें सांगावयास नको. बादलीला बाहेरून सेंटिमीटरच्या खुणा करून शाळेंतील मुलांकडून हा प्रयोग करविला तर मुलांस विज्ञान व बापास विहीर, दोन्हीं एकदम समजतील. प्लास्टिकचें साधें आवरण महिनोन्महिने पाण्यांत राहिल्यास पाणी शोषून आंकडा सरकतो. म्हणून तें प्रयोगापुरतेंच वापरावें.

येथपर्यंत आपणांस उंची मिळाली. परंतु उंची म्हणजे पाणी नव्हे. उंचीवरून पाण्याचा आंकडा काढणें हें धन्याचें काम आहे, आणि तेथेंच बहुतेकांची गफलत होते.

सहा मीटर व्यासाची गोल, सरळ बांधलेली विहीर घेऊं. तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर. म्हणजे पातळीच्या दर मीटरास २८,२७० लिटर व दर सेंटिमीटरास सुमारें २८३ लिटर पाणी. आतां एका गुंठ्यास पांच सेंटिमीटर उभें पाणी द्यावयाचें तर ५,०५८ लिटर लागतात, व एकरास २,०२,००० लिटरांहून थोडें अधिक. म्हणजे विहिरींतील मीटरभर पाण्यांत साडेपांच गुंठे भिजतात, आणि एक एकर एकदां भिजविण्यास सात मीटरांहून अधिक पाणी उपसावें लागतें! विहिरींत डोकावून पाहणाऱ्यास मीटरभर पाणी पुष्कळ वाटतें. शेतांत सोडल्यावर तें कोठें जिरलें हें कळतही नाहीं.

शेततळ्यांत गफलत आणखी मोठी होते, कारण त्याच्या बाजू उतरत्या असतात. वर तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, व बाजूंस एकास एक उतार असें शेततळें भरलें असतां त्यांत २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारें बावीस लाख लिटर पाणी मावतें. पातळी अर्ध्यावर, म्हणजे दीड मीटरवर आली कीं धनी म्हणतो, अर्धें उरलें. वास्तविक त्या वेळीं ९७६ घनमीटर, म्हणजे पावणेदहा लाख लिटरच उरलेलें असतें, शेंकडा साडेचव्वेचाळीस. आडव्या ठेवलेल्या डिझेलच्या गोल पिंपाचा हिशेबही असाच फसवा आहे. त्यांत पाव उंचीपर्यंत डिझेल असेल तर तें पाव पीप नसून शेंकडा साडेएकोणीसच असतें. म्हणून विजेची काठी बसवितांना तिच्याबरोबर उंची व पाणी यांचा तक्ता एकदां तयार करून पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावा. हें काम कोणत्याही मोजणी जाणणाऱ्याकडून एका दुपारींत होण्यासारखें आहे.

या काठीचा खरा उपयोग मात्र विहिरींत किती आहे हें सांगण्यापेक्षां विहिरींत किती येतें हें सांगण्यांत आहे. दोरीनें मोजणारा मनुष्य रात्रभर कांठावर बसूं शकत नाहीं. विजेची काठी दर पंधरा मिनिटांनीं पातळी टिपून ठेवूं शकते. संध्याकाळीं मोटर बंद झाल्यापासून दुसऱ्या दिवशीं ती चालू होईपर्यंत पातळी किती चढली हें पाहिलें म्हणजे झऱ्याचें बळ कळतें. समजा, वरील विहीर ठरलेल्या खुणेपर्यंत उपसली असतां दुसऱ्या दिवशीं त्याच वेळेपर्यंत पुनः १.२ मीटर चढते. म्हणजे दिवसाची आवक सुमारें ३४,००० लिटर. गव्हाच्या पाळीचें अंतर अठरा दिवस धरलें तर एका पाळींत ६,१०,००० लिटर मिळतील, व त्यांत तीन एकर भिजतील. चौथा एकर गव्हाखालीं घेऊं नये. तेथें दोन-तीन पाण्यांवर येणारा हरभरा घ्यावा, हा निर्णय पेरणीपूर्वीं, खर्च होण्यापूर्वीं, हातीं येतो. पुढें माघ-फाल्गुनांत झरा कमी होणार, हें गृहीत धरून तीन एकरांतही हात आंखडता घ्यावा लागेल. त्यासाठीं मागील दोन-तीन वर्षांच्या नोंदी असल्या तर अंदाजाला पुरावा मिळतो. या सर्व हिशेबांत पाटांतील गळती धरलेली नाहीं. ती प्रत्येकानें आपल्या पाटाप्रमाणें धरावी.

आतां सामाईक विहिरीविषयीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पाळीच्या तक्रारींचे अर्ज पुष्कळ वाचले आहेत. सात-बाराच्या इतर हक्कांत "विहिरींत चार आणे हिस्सा" अशी नोंद असते. चौघे भाऊ असले तर प्रत्येकाचे चार आणे, व प्रत्येकाची पाळी सारख्या तासांची. कागदावर यांत अन्याय कोठेंच दिसत नाहीं. परंतु पाणी कांहीं तासांत मोजलें जात नाहीं. ज्याची पाळी विहीर भरलेली असतां येते त्याचा पंप कमी उंचीवरून पाणी ओढतो, त्यामुळें तासाला अधिक पाणी देतो. ज्याची पाळी शेवटीं येते त्याची मोटर तळाचें पाणी ओढीत धापा टाकते, व प्रसंगीं कोरडी फिरून जळते. तास सारखे, पण पाणी सारखें नाहीं. धाकटा म्हणतो मला कमी मिळालें, थोरला म्हणतो घड्याळ पाहा. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असतात, आणि भाऊबंदकीचा खटला उभा राहतो.

येथें पातळीची नोंद न्यायाधीशाचें काम करूं शकते. प्रत्येक पाळीच्या आरंभीं व शेवटीं पातळी लिहावी. जितके सेंटिमीटर उतरली त्यांस २८३ नीं गुणावें, आणि पाळी चालू असतां झऱ्यानें जितकें पाणी आंत घातलें असेल तितकें त्यांत मिळवावें. ही बेरीज म्हणजे त्या भावानें घेतलेलें पाणी. महिनाअखेर चौघांच्या बेरजा समोरासमोर मांडल्या कीं कोणाकडे किती गेलें हें स्पष्ट होतें. पुढील महिन्यांत पाळ्यांचा क्रम फिरवून किंवा तास कमीअधिक करून तें सारखें करतां येतें. हिस्सा आण्यांत लिहिलेला आहे, तर तो पाण्याच्या आण्यांत द्यावा. घड्याळाच्या आण्यांत नव्हे.

इतकें सांगितल्यावर एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. यंत्र आलें म्हणून समजूत गहाण ठेवूं नये. यासंबंधीं कानडा देशांत २३ जुलै १९८३ रोजीं घडलेली हकीकत सर्वांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मोठ्या विमानांच्या इंधनाच्या टांक्यांत वर वर्णिल्याप्रमाणेंच नळी-दांडीच्या काठ्या बसविलेल्या असतात. एअर कॅनडा कंपनीच्या बोइंग ७६७ जातीच्या एका नव्या विमानांत या काठ्यांचे आंकडे वाचणारें यंत्र एका सदोष डाखामुळें बंद पडलें. तेव्हां माँट्रियल येथें इंधन हाताच्या काठीनें मोजण्यांत आलें. टांक्यांत ७,६८२ लिटर आहे, हें काठीनें बरोबर सांगितलें. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन पाहिजे होतें. परंतु तो काळ कंपनींत पौंड जाऊन किलोग्रॅम येण्याचा होता. लिटरांचें वजन काढतांना ०.८ च्या सुमाराच्या किलोग्रॅमच्या गुणकाऐवजीं १.७७ हा पौंडाचा गुणक लावला गेला, व उत्तर किलोग्रॅममध्यें आहे असें सर्वांनीं समजून घेतलें. परिणाम असा झाला कीं, आणखी वीस हजार लिटर भरावयाचें तेथें ४,९१७ लिटरच भरलें. एकसष्ट उतारू व आठ नोकर घेऊन निघालेल्या त्या विमानाचीं दोन्हीं एंजिनें आकाशांत एकेचाळीस हजार फुटांच्या उंचीवरून प्रवास चालू असतां इंधनावांचून बंद पडलीं. वैमानिकांच्या कौशल्यानें तें विमान घारीसारखें तरंगत गिमली गांवच्या जुन्या लष्करी धांवपट्टीवर उतरलें, व एकही मनुष्य दगावला नाहीं.

या गोष्टींत विजेची काठी बंद पडली हें संकटाचें अर्धेंच कारण होय. हातची काठी खरें बोलली असतां तिच्या आंकड्याचा अर्थ कोणींच तपासून पाहिला नाहीं, हें उरलेलें अर्धें. आपल्याकडे परस, फूट व मीटर, तसेंच एकर व हेक्टर, हीं मापें एकाच घरांत एकाच वेळीं चालतात. वडील परसांत बोलतात, गवंडी फुटांत, यंत्र सेंटिमीटरांत, व सात-बारा हेक्टर-आरांत. म्हणून ज्यानें काठी बसविली त्यानें वहीच्या पहिल्याच पानावर आपण कोणत्या मापांत लिहितों हें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावें, व घरांतील प्रत्येकास तें समजावून द्यावें.

काठी घेणारांनीं व बसविणारांनीं पुढील गोष्टी पाळाव्या:

१. काठीस प्रथम शिकवावें लागतें. टांकी रिकामी असतांचा व भरलेली असतांचा आंकडा तिला दाखवावा, व मध्यें दोन ठिकाणीं दोरीनें किंवा पट्टीनें पडताळा पाहावा. विहीर रिकामी करतां येत नसेल तर काठी वर-खालीं सरकवून हें काम करावें.

२. दर पंधरवड्यास दोरीनें एकदां मोजून यंत्राच्या आंकड्याशीं ताडून पाहावें. दोरी फेंकून देऊं नये. ती ताणली न जाणारी असावी, व तिच्यावर पक्क्या खुणा असाव्या.

३. तारेवर शेवाळ, क्षारांचा थर किंवा गाळ बसला म्हणजे पाणी उतरलें तरी तो ओला थर पाण्यासारखाच वागतो, व यंत्र पातळी अधिक दाखवितें. म्हणून तार महिन्यांतून एकदां ओल्या फडक्यानें पुसावी. खरवडूं नये, आवरण फाटेल. आवरणास बारीकशी भेग पडली तरी काठी निरुपयोगी होते.

४. काठी व तिचें मोजणारें यंत्र यांमध्यें लांब वायर घेऊं नये. वायरीची स्वतःची धारकताच काठीइतकी किंवा तीहून अधिक भरते. यंत्र काठीच्या माथ्यावर बसवून तेथून पुढें आंकडा पाठवावा.

५. काठीची वीज बॅटरीची, कमी दाबाची असावी. मोटरीच्या तीन तारांच्या वायरीबरोबर ती एका नळींतून नेऊं नये. भुईंत वीज उतरविण्याची जोडणी जाणत्याकडून करून घ्यावी, व वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होतांच विहिरीपासून दूर राहावें.

६. प्लास्टिकच्या टांकीस बाहेरून चिकटविण्याची काठी मिळते. ती पाण्यास न शिवतां पातळी ओळखते. लोखंडी किंवा पोलादी टांकीस ती लागू नाहीं, कारण धातूच्या भिंतीपलीकडे तिचा प्रभाव पोंचत नाहीं.

७. डिझेलच्या टांकीच्या तळाशीं पाणी सांचलें असल्यास आंकडा भलताच येतो. डिझेलाचा आंकडा एकाएकीं चढलेला दिसला तर आनंद मानूं नये. तळाचा बूच काढून पाहावा.

८. काठी बसविण्यासाठीं किंवा काढण्यासाठीं वापरांत नसलेल्या जुन्या विहिरींत एकट्यानें उतरूं नये. तेथें विषारी वायु सांचलेला असतो व माणसें प्राणास मुकतात. वरून मोजतां येणें हाच तर या काठीचा मोठा लाभ आहे.

हेंच तत्त्व शेतकऱ्याच्या ओळखीच्या दुसऱ्याही ठिकाणीं चालतें. बाजारांत सोयाबीनचा ओलावा सांगणारीं पुष्कळ यंत्रें दाण्यांची धारकताच मोजतात. हमीभावाच्या खरेदींत बारा टक्क्यांची मर्यादा ज्या आंकड्यावर ठरते तो याच घराण्यांतला. ठिबकाच्या शेतांत मातींतील ओल सांगणाऱ्या पट्ट्याही याच जातीच्या. कोरड्या मातीची व पाण्याची धारकता यांत मोठें अंतर असल्यामुळें हें साधतें. ज्याला विहिरींतील काठी समजली त्याला बाजारांतल्या यंत्रापुढें मान डोलावीत उभें राहावें लागणार नाहीं. यंत्र शेवटचें केव्हां पडताळलें, हा प्रश्न तो विचारूं शकेल.

आमच्या संस्थेच्या सभासदांपुढें आमची सूचना येवढीच आहे. प्रत्येक गांवांतील पांच विहिरी निवडाव्या: एक ओढ्याकांठची, एक माळावरची, एक पांढरींतली, व दोन मध्यल्या. त्यांत संस्थेच्या खर्चानें अशा काठ्या बसवाव्या. दर शनिवारीं आंकडे वहींत उतरवून चावडीवर किंवा सोसायटीच्या भिंतीवर लावावे, व शेजारीं त्या आठवड्याचा पाऊस लिहावा. दसऱ्यानंतरच्या सभेंत त्या वह्या उघडून मगच रब्बीचा विचार करावा. पहिल्या वर्षीं त्यांतून फारसें निघणार नाहीं; दुसऱ्या वर्षीं तुलना करतां येईल; तिसऱ्या वर्षांपासून त्या वह्या गांवच्या मालमत्तेंत जमा होतील. ज्या घरीं काठी घेण्याची ऐपत नाहीं तेथें दोरी व वही एवढ्यावरही काम चालेल. रात्रीची आवक तेवढी पहाटे उठून मोजावी लागेल.

पावसाचें येणें-जाणें आपल्या हातीं नाहीं, पण आलेलें पाणी कोठें किती आहे हें जाणणें पूर्णपणें आपल्या हातीं आहे. आमच्या शेतकरी बंधूंनीं यंदा पेरणीच्या गडबडींतून थोडी सवड काढावी, विहिरीचा व्यास मोजावा, पातळी लिहावी, आणि मग गव्हाचें बी किती आणावयाचें तें ठरवावें, अशी त्यांस आमची विनंति आहे.